नावाची अकरा तबकं

दसरा झाला की आमच्या घरात चालायला जागा उरत नाही. हॉलमध्ये खोक्यांवर खोकी, सोफ्यावर बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचे गुंडाळे, टीव्हीखाली एकात एक बसवलेल्या पितळी उरळ्या, जेवणाच्या टेबलावर रिबिनींचा गुंता. नमाजाची चटई अंथरायची तर आधी सुगंधी मेणबत्त्यांची चार खोकी उचलून पलंगावर ठेवावी लागतात, आणि झोपायचं तर तीच परत खाली. आमच्या घरी दिवाळी नसते, पण विश्रामबागेतल्या कितीतरी घरांची दिवाळी आमच्या हॉलमधून बाहेर पडते. ती गेली की आमच्याकडे चिकटपट्टीची रिकामी वेटोळी आणि पाठदुखी उरते.

यंदाही खोकी आली. नव्या पुठ्ठ्याचा तो कोरडा, जरासा गोडसर वास घरभर झाला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन गॅलरीच्या कठड्यावर तापत होतं. मला तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. दरवर्षी या वासाबरोबर ती येतेच. मी आता तिची वाट बघते असं म्हटलं तरी चालेल.

माझा धंदा आधी सांगून टाकते. मी घर सजवायच्या वस्तू बनवून घेते, जमवते, त्यांची खोकी बांधते आणि सणाच्या भेटी म्हणून विकते. फराळ मांडायचे लाकडी ट्रे, पाण्यात फुलं सोडायच्या उरळ्या, पितळी दीपपात्रं, पेल्याखाली ठेवायच्या चकत्या, टेबलावर मधोमध अंथरायच्या पट्ट्या. पट्ट्यांचं कापड माधवनगरच्या एका मागावरून येतं. तिथला विणकर अजून मला विचारतो, “टेबलाला पट्टी कशाला लागती हो? त्याला काय थंडी वाजती?” मी हसते आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर देते.

शोभेच्या वस्तूंवर नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. माणूस वर्षभर ऑफिसात, कॉलेजात, शेतात राबतो. चार दिवस पाहुणे येणार म्हणून एक सुंदर पट्टी अंथरून तिच्यावर चकल्या मांडाव्यात असं त्याला वाटलं, तर कुणाच्या बापाचं काय गेलं? चकलीची चव पट्टीनं वाढत नाही हे मलाही कळतं. पण ती मांडणाऱ्या बाईचा चेहरा खुलतो, आणि तो मी पाहिलेला आहे.

तर धंद्यावर माझं प्रेम आहे. फक्त एक गोष्ट या धंद्यात मला कधी पूर्ण पटली नाही. गिऱ्हाइकांना नाव नको असतं.

साताऱ्याच्या एक मॅडम दरवर्षी फोनवर बजावतात, “नसीम, खोक्याच्या आत तुझं कार्डसुद्धा घालू नकोस हं.” पहिल्या वर्षी मला वाटलं, माझ्या कार्डाची त्यांना लाज वाटते. मग त्यांनीच सांगितलं, “अगं, आलेल्या माणसाला पुढं देता आलं पाहिजे ना!” एकदा तर विश्रामबागेतल्याच एक बाई माझाच एक ट्रे घेऊन आल्या. जावेकडून आलाय, असलाच दुसरा द्या, जोडी होईल, म्हणाल्या. मी तो उलटा करून तळाशी पेन्सिलनं घातलेला माझा नंबर बघितला. आदल्या वर्षी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना मीच विकलेला. तो कुठंकुठं जाऊन आला देव जाणे. शिरवळपर्यंत गेल्याचं तर नक्की कळलं, कारण जाऊ तिथली. आणि एवढ्या प्रवासात एकाही घरानं त्याला वापरलं नव्हतं. खोक्यातला स्पंज जागचा हलला नव्हता.

हे मला टोचतं, कारण मी नावं घालणाऱ्याची मुलगी आहे.

अब्बांनी बेचाळीस वर्षं पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घातली. मांडीपुढं लोखंडी ठोकळा, हातात बोटभर लांबीची टोकदार छिन्नी आणि छोटी हातोडी. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटायचं. पुढं सगळ्यांनी विजेची पेन्सिल घेतली. ती भांड्यावर टेकवली की करकरत ओळ उठते. अब्बांनी ती आठवडाभर वापरली आणि परत केली. म्हणाले, तिच्यानं दात शिवशिवतात.

लहानपणी शाळा सुटली की मी त्या पायरीवर जाऊन बसायची. लग्नसराईत तिथं जत्रा भरल्यासारखी गर्दी. कळशी, परात, डबे, ताटं, आणि प्रत्येकामागं एक मामा किंवा आत्या. “चि. सौ. कां. मंगल हिस मामाकडून” हे मी पाटीवर गमभन गिरवायच्या आधी परातीच्या काठावर वाचायला शिकले. बायका अब्बांच्या डोक्यावर उभ्या राहून नाव घालून घ्यायच्या. “भाई, जरा ठसठशीत घाला. माझ्या जाऊबायनं लांबनं वाचलं पायजे,” असं एकीनं सांगितलं होतं. अब्बा मान न उचलता म्हणाले, “आवं, मग पाटीच रंगवून घ्या की दारावर!” ती बाई पुढं दहा वर्षं दर लग्नाला आमच्याकडेच येत राहिली.

भांड्यावरचं नाव म्हणजे त्या काळी घराची वंशावळच. कुणाच्या बारशाला कोण आलं, कोण रुसून बसलं आणि नंतर गपचूप एक तांब्या देऊन गेलं, कोण गेल्यावर कुणी त्याच्या स्मरणार्थ देवळाला समई वाहिली, सगळं अब्बांच्या छिन्नीखालून जायचं. महापुराच्या वर्षी पाणी ओसरल्यावर शाळेच्या पटांगणात चिखलातनं काढलेली भांडी रचली होती. कुणाची कुठली कळायला मार्ग नव्हता. लोक बादलीभर पाण्यात बुडवून काठ चोळायचे आणि नाव दिसलं की हाक मारायचे. अब्बा तिथं दिवसभर उभे होते, मीही त्यांच्याबरोबर. आपण घातलेलं नाव आणि ते ऐकून धावत येणारी बाई, दोन्ही त्यांनी त्या दिवशी एकत्र बघितलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

अम्मी गेल्यावर अब्बा माझ्याकडे राहायला आले. माझे मिस्टर शिरवळच्या एका कारखान्यात आहेत, शनिवारी येतात. घर मोठं आहे, जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न अब्बांचा होता. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना रोज सकाळी उठून स्वतःची समजूत घालावी लागायची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मी बसून खाणार न्हाई. तुझ्या भांड्यांवर नावं घालीन.” घरात आमची बोली दखनी. पण कामाचं बोलायचं झालं की अब्बा माझ्याशीही पायरीवरची मराठी बोलतात. त्यामुळं ते बाप म्हणून बोलताहेत की कारागीर म्हणून, ते मला लगेच कळतं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी त्यांचा हात कापायला लागला होता. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग एकदा एका दीपपात्रावर नाव घालताना शेवटचं अक्षर काठावरून खाली घसरलं. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं. मी ते बघितलं आणि त्यांच्यापासून लपवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वय झालंय, म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू होताच.

मी नावं कोरायचं लेझरचं मशीन घेतलं ते याच सुमाराला. कारण सगळ्यांना सांगितलं ते खरंच होतं: एका कंपनीची मोठी ऑर्डर होती, प्रत्येक नगावर त्यांचं चिन्ह हवं होतं, हातानं ते झालं नसतं. पण खरं कारण अब्बांचा हात होता. बेचाळीस वर्षं ज्यानं गावाची नावं घातली त्याला “अब्बा, आता पुरे” कसं म्हणायचं? म्हटलं तर ते एका शब्दानं वाद घालणार नाहीत, हातोडी ठेवतील, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात पाहुण्यासारखे वावरतील. ते मला नको होतं. मशीन आलं म्हणजे काम आपोआप कमी होईल, कुणालाच काही बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब. न बोलता निभावून नेण्यात आमच्या घराण्याचा हातखंडा आहे.

तोवर त्यांना मी रिबिनी बांधायला बसवलं. ते त्या अशा आवळायचे की जणू पोतं बांधून एसटीच्या टपावर टाकायचंय. गिऱ्हाईक सुरी मागायचं.

कोजागरी झाली आणि दोन दिवसांनी इंदूआक्का आल्या.

कृष्णाकाठच्या एका गावच्या. घरचा ऊस, दोन म्हशी, डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला. साठी ओलांडलेली. अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा मुलगा संजय लष्करात. त्याच्या बारशापासून त्याच्या नावाचं प्रत्येक भांडं अब्बांच्याच हातचं. पेठेतल्या दुकानात चौकशी करत करत त्या विश्रामबागेत आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या. अब्बा तेव्हा दवाखान्यात गेले होते. आक्का हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, “अगं बया, हे तर परदर्शनच मांडलंयस की.”

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. उरळी बघून विचारलं, यात काय शिजवायचं? फुलं सोडायची म्हटल्यावर मान डोलावली. “लय झ्याक दिसंल,” म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. आमच्या हौशी गिऱ्हाइकांपैकी कुणी इतक्या सरळ मनानं कौतुक करत नाही. ते आधी ऑनलाइन किमती बघतात.

शेवटी त्यांनी पितळी तबकं निवडली. वीतभर रुंद, काठाला बारीक नक्षी. अकरा.

“अकरा घरं हायती भावकीची,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला ताटातनं फराळ जातोय, आन ताट म्हागारी येतंय. औंदा म्या ठरिवलंय, ताट न्हाई धाडायचं. ह्या तबकातनं धाडायचं, आन तबक तिथंच ठिवायचं.”

“छान की, मावशी.”

“नाव घालून दे संजयचं. नुसतं संजय. धा वर्सं झाली, दिवाळीला गावात न्हाई त्यो. कुठल्या डोंगरावर हाय त्ये बी सांगत न्हाई. भावकीतल्या बारक्या पोरांनी तर त्याला बघितला बी न्हाई. गावात ऱ्हात न्हाई त्याला गाव इसरतंय, पोरी. ज्येचं त्येला काम असतंय. म्हणून म्हटलं, लेकरू न्हाई तर न्हाई, त्येचं नाव तरी समद्यांच्या घरात असू द्या. रोज हाताखाली यिऊ द्या.”

मी वहीत लिहून घेतलं. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “भाईंच्या हातनंच घाल बरं का.”

“हो,” मी म्हणाले.

तो होकार मी किती सहज दिला! आजही आठवलं की कानशिलं तापतात. त्या गेल्या, अब्बा आले, त्यांनी टेबलावरची तबकं बघितली आणि विचारलं, “ह्येच्यावर काय घालायचं?” मी म्हणाले, “काही नाही. नाव नकोय त्यांना.” अब्बांनी एक तबक उचलून उजेडात धरलं. “चांगलं पितळ हाय,” म्हणाले आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते जुम्म्याच्या नमाजाला गेले तेवढ्यात मी अकराही तबकं मशीनखाली घातली. वीस मिनिटांत झाली. अक्षर मी मुद्दाम वळणदार निवडलं होतं. खरं सांगते, फार देखणी दिसत होती.

भेटवस्तूंमध्ये खोटेपणा असतो असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात नुसत्या देण्याघेण्याचा, तोंडदेखल्या भेटीचा विचार असतो. माझा खोटेपणा वेगळा होता. मी प्रेमानं खोटं बोलले होते, एकाच कामात दोन माणसांशी. प्रेमानं बोललेलं खोटं पचायला सोपं असतं, म्हणून ते जास्त बोललं जातं. त्या आठवड्यात मी छान झोपले.

वसुबारसेच्या चार दिवस आधी आक्का तबकं न्यायला आल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर बसून रिबिनी कापत होते. दोघांनी एकमेकांची चौकशी केली. म्हैस, गुडघे, डोळे, पाऊस. मी तबकांची चळत आणून आक्कांपुढं ठेवली.

त्यांनी वरचं तबक उचललं. मांडीवर घेतलं. आणि त्याच्याकडे न बघता, अब्बांशी बोलता बोलताच, काठाच्या आतून अंगठा फिरवला. एकदा. मग परत एकदा. बोलणं थांबलं. त्यांनी ते खाली ठेवून दुसरं घेतलं. त्याच्यावरूनही अंगठा फिरवला.

“नाव न्हाई ह्येच्यावर,” त्या म्हणाल्या.

“आहे की, मावशी! हे काय. बघा ना,” मी बोटानं दाखवलं.

त्यांनी बघितलं. “मला वाचाय कुठं येतंय, पोरी,” त्या म्हणाल्या. त्यात लाज नव्हती, तक्रार नव्हती. म्हशीला किती दूध आहे ते सांगावं तसं सांगितलं. “साळंत घातलीच न्हाई आमाला. संजयचं नाव माज्या अंगठ्याला ठावं हाय. डोसक्यावर टिंब असलेलं एक, मग वाकडं एक, मग शेपटीचं एक. बारशाची वाटी हाय, पेला हाय, त्यो भरती झाला तवाचा डबा हाय. रोज राखंनं घासतीया. घासताना त्यो लागतोय हाताला. ह्येच्यावर काय बी लागंना.”

मला त्या क्षणी जे कळलं ते इतकं साधं होतं की बेचाळीस वर्षांच्या पायरीशेजारी वाढूनही मला ते कसं कळलं नाही याचं नवल वाटतं. नावं वाचायची असतात असं मी धरून चालले होते. पण भांडी वाचतं कोण? भांडी घासली जातात. पंक्ती उठल्यावर अंधाऱ्या मोरीत, पाठीमागच्या दगडावर, कितीतरी बायकांनी भावकीची भांडी निव्वळ अंगठ्यानं ओळखून वेगळी लावली असतील. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना घरातल्या सगळ्यांची नावं अशी येत असतील, राखेच्या आणि पाण्याच्या खालून. माझ्या मशीनची ओळ नखालाही लागत नाही. तिला दिसणं येतं, लागणं येत नाही.

अब्बा उठले. त्यांनी आक्कांच्या मांडीवरचं तबक घेतलं आणि त्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“माझी चूक झाली आक्का,” ते म्हणाले. “ऱ्हाऊन गेलं. उद्या सांजच्याला या.”

आक्का गेल्यावर अब्बांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं, तेही दखनीत, म्हणजे बाप म्हणून.

“तुमचा हात...” मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. मराठीत म्हणाले, “माझा हात मला म्हाईत न्हाई व्हय?”

वर्षभर आम्ही दोघं एकाच गोष्टीवर पांघरूण घालत होतो, आणि त्याची दोन टोकं दोघांच्या हातात होती. म्हाताऱ्या माणसाला त्याचं म्हातारपण आपल्या आधी कळलेलं असतं. आपण मात्र ते त्याच्यापासून लपवायला बघतो. त्यात त्याची काळजी किती आणि आपली सोय किती, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा मनाशी तपासलं. सोयच जास्त निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि हॉलच्या मधली खोकी बाजूला सारून जमिनीवर फतकल मारली. पुढ्यात ठोकळा. “धर,” म्हणाले. मी तबक दोन्ही हातांनी दाबून धरलं. माझ्या मशीननं काढलेल्या अक्षरांवरूनच त्यांनी ठिपके घालायला सुरुवात केली. अक्षर दिसायला त्या ओळीची मदत होत होती; डोळे मिचकावून ते तिचा माग काढत होते. मशीन अगदीच वाया गेलं नव्हतं म्हणायचं.

टक. टक. टक. कित्येक वर्षांनी तो आवाज इतक्या जवळून ऐकला. छिन्नी टेकवताना हात कापायचा, टोक जागा शोधत फिरायचं. मग ते श्वास रोखायचे आणि घाव पडायचा. कधी ओळीवर, कधी केसभर बाजूला. पहिलं तबक व्हायला पाऊण तास लागला. पूर्वी तेवढ्यात अख्ख्या लग्नाची भांडी व्हायची. दुसरं झालं, तिसरं झालं. त्यांच्या कपाळावर घाम आला. चौथ्याच्या अगदी शेवटच्या ठिपक्याला हातोडी छिन्नीवरून निसटली आणि माझ्या बोटाला चाटून गेली.

अब्बा थांबले. त्यांनी माझं बोट हातात घेऊन बघितलं. काही झालं नव्हतं, जरा लाल झालं होतं. त्यांनी छिन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली आणि ठोकळा माझ्याकडे सरकवला.

“मला नाही येत, अब्बा.”

“माझ्या शेजारी बारा वर्सं बसलीयास. न्हाई कसं येत?”

मग त्यांनी तबक धरलं आणि मी घाव घातले. पहिला ठिपका इतका हलका पडला की उमटलाच नाही. “घाबरू नगंस. पितळ हाय, रडत न्हाई त्ये.” मी जोर केला. “अक्षराकडं बघू नगंस. आवाज ऐक. पोकळ वाजलं की हुकलं. भरीव वाजलं की बसलं.” मी ऐकत गेले. पाचवं वेडंवाकडं जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही. सहाव्याला मला आवाजातला फरक कळायला लागला. आठव्याला ते बोलायचे थांबले. मनगट दुखत होतं, तळहाताला फोड आला होता, आणि लहानपणी त्या पायरीवर उन्हात बसून मी काय बघत होते ते मला आता हातातून कळत होतं. खाली कुणी तरी रांगोळीचे रंग विकत ओरडत होतं. चार वाजता अकरावं झालं.

मी ती सगळी चिंच-मिठानं घासली, पुसली, चळत लावली. कुठली चार कुणाची आणि कुठली सात कुणाची, डोळ्यांना नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मला मात्र भीती होती. आक्का डोळ्यांनी बघणार नव्हत्या.

आणि अब्बांच्या हाताचं आता काही लपून राहणार नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर त्यांच्या हातावर भरवसा ठेवला, तिच्याच अंगठ्याला तो कापरेपणा लागणार होता, त्यांच्या समोर.

आक्का सहाला आल्या. अब्बा खुर्चीत ताठ बसले होते. आक्कांनी जमिनीवर बसून तबकं पुढ्यात ओढली, पदराला हात पुसला आणि पहिल्या तबकावरून अंगठा फिरवला. चेहरा उजळला. “हां. आला संजय,” म्हणाल्या. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या तबकं दोन ठिकाणी ठेवताहेत. काही उजवीकडे, काही डावीकडे. शेवटचं ठेवलं तेव्हा डावीकडे चार होती आणि उजवीकडे सात.

उजवीकडच्या सातांवर तळहात ठेवून त्या अब्बांना म्हणाल्या, “भाई, ही तुमच्या हातची. अंगठा ठिवल्या ठिवल्या कळत्यात.” मग डावीकडच्या चारांकडं मान वळवली. “आन ही पोरीनं घातली व्हय? हात कापलाय तिचा. असू द्या, शिकंल.”

मी तोंड उघडलं. हे उलटं आहे, सांगायलाच हवं होतं. पुन्हा एकदा खोट्यात राहायचं नव्हतं मला. पण अब्बांनी हात वर करून मला थांबवलं. ते चार तबकांकडे बघत नव्हते. सातांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी महापुराच्या दिवशी त्या पटांगणातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“व्हय आक्का,” ते म्हणाले. “नवीन हाय अजून. शिकंल ती.”

आक्का तबकं पदराखाली घेऊन जिना उतरल्या. अब्बांनी मला चहा टाकायला सांगितला. मी आत गेले आणि दुधाचं पातेलं हातात घेऊन ओट्याशी उभी राहून रडले, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. बाहेर ते रिबिनीची गाठ मारत गुणगुणत होते. त्यांना थांबा म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही. त्यानंतर त्यांनी कधी नाव घातलं नाही, ती आता मी घालते, आणि कुणी विचारलं तर सांगतात, अजून माझाच हात चालतो.